नांगर थांबवला म्हणून रान दगड होत नाही

ऊस तुटायला लागला की कोल्हापूर भागातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. सांगणं थोडक्यात असं: नांगरट सोडली की रान दगडासारखं घट्ट होतं, पाणी साचून क्षार फुटतात, पाचटामुळे (उसाच्या वाळल्या पाल्यामुळे) हुमणी ही मुळं खाणारी अळी वाढते आणि टनेज, म्हणजे उसाचं उत्पादन, पडतं, तेव्हा पाचट पेटवा आणि खोल नांगरा. लोक हे वाचून खरोखरच काडी लावतात, म्हणून एकेक मुद्दा बघू.

पहिला मुद्दा घट्टपणाचा. रान घट्ट कशानं होतं? ओल असताना भरलेल्या ट्रॉल्या आत घालण्यानं, आणि दरवर्षी त्याच खोलीवर रोटर (माती बारीक करणारं ट्रॅक्टरचं अवजार) फिरवण्यानं. रोटरच्या पात्यांखाली घट्ट थर बसतो आणि मुळं तिथंच अडतात. नांगरलेलं रान भुसभुशीत दिसतं, पण दोन-चार पाण्यांत माती पुन्हा बसते, कारण तिचे कण धरून ठेवणारी बुरशी आणि सेंद्रिय डिंक नांगरटीनं मोडलेले असतात. उलट उसाचे बुडखे आणि मुळं जागेवर कुजू दिली, तर मुळांच्या वाटा तशाच पोकळ राहतात. हवा-पाणी त्यांतूनच खाली जातं. कोल्हापूरचेच शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनी विना नांगरणीची शेती स्वतःच्या रानात करून हेच वर्षानुवर्षं मांडलं. भारी काळी जमीन तर उन्हाळ्यात आपोआप भेगाळते. हां, पहिली एक-दोन वर्षं रान घट्ट लागू शकतं, हे खरं आहे. आणि नांगर बंद करून पाचटही जाळलं, तर ते घट्टच राहील. उघड्या रानावर हा प्रयोग करूच नये.

पश्चिमेला राधानगरी, गगनबावड्याच्या उताराच्या लाल मातीत तर जूनच्या तोंडावर केलेली नांगरट पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला जाते. तिथल्या भातवाल्यांनी नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांची एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) ही भाताची पद्धत बघावी: गादीवाफे एकदाच करायचे, चिखलणी नाही, आणि भात कापल्यावर मुळं जमिनीतच ठेवायची.

क्षाराचं खापर नांगर न घालण्यावर फोडणं मला सगळ्यात खटकतं. शिरोळची क्षारपड रानं पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेलीच आहेत. तिथं बेसुमार पाणी, चिकण माती आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे भूजल वर आलं; वरचं पाणी उडून गेलं, क्षार मागे राहिले. त्याला इलाज जमिनीखालून सच्छिद्र पाइपचा निचरा आणि मोजकं पाणी. पाचटाच्या आच्छादनानं बाष्पीभवन कमी होतं, म्हणजे क्षार वर ओढले जाण्याला उलट आळाच बसतो.

हुमणीबाबत मजकुरात अर्धं खरं आहे. नांगरटीनं अळ्या उघड्या पडतात, कावळे-बगळे त्या वेचतात. ज्या रानात हुमणीनं ऊस वाळवला आहे, तिथं खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारं पीक) न ठेवता एकदा नांगरावं, असंच मीही सांगेन. पण पाचट पेटवून हुमणी मरत नाही. अळी मातीत असते आणि आग वरच्या वर जाते. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे बाभळी-कडुलिंबावर जमतात, तेव्हा फांद्या हलवून ते गोळा करून मारावेत. हे सगळ्या गावानं मिळून करायला हवं.

राहिलं टनेज. २०१५ साली जगभरातले ६१० अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यात नांगरणी बंद केल्यावर उत्पादन सरासरी ५.७ टक्के कमी आढळलं. हे लपवायचं कारण नाही. पण जिथं पिकाचे अवशेष रानातच ठेवले आणि पिकांची फेरपालटही केली, तिथं ही घट बरीच कमी झाली आणि कोरडवाहू भागात उत्पादन वाढलंही. आपल्याकडे खोडवा पिवळा पडतो तो बहुतेकदा नत्राच्या ओढीनं: पाचट कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतः वापरतात. म्हणून शिफारस अशी की हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत पाचटावर टाकावं, बुडखे जमिनीलगत छाटावेत, बगला (सरीच्या बाजू) फोडू नयेत आणि पुढची खतं पहारीनं भोकं घेऊन मुळांजवळ द्यावीत. पाचट जाळलं की त्यातलं नत्र आणि हेक्टरी काही टन सेंद्रिय पदार्थ धुरात जातो. ज्यांना भीती वाटते त्यांनी सुरुवात खोडव्याच्या एका तुकड्यापासून करावी. तिथं नांगर तसाही घालायचा नसतो, फक्त काडी लावायची नाही.