फोन चालू होत नाहीये? अभिनंदन!

सकाळी तुमचा फोन उठला नाही ना? घाबरू नका. गेल्या मंगळवारी माझाही उठला नव्हता, त्यामुळे आता मी या विषयातला जाणकार आहे.

आधी तांदळाचा डबा काढा. फोन भिजलेला नसला तरी चालेल. माझा ठणठणीत कोरडा होता, तरी शेजारच्या काकूंनी वाडगाभर आणून दिले. कोलम घ्या, इंद्रायणी चिकट असतो. ॲपलने २०२४ मध्ये लेखी सांगितलंय की भिजलेला फोन तांदळात ठेवू नका, कण आत जाऊन उलट नुकसान होईल. पण काकूंच्या भाचीचा फोन तांदळानेच जिवंत झाला होता, मग ॲपलला काय कळतंय?

पॉवरचं बटण दोन सेकंद दाबून ‘गेला’ असं जाहीर करा. पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र पंधरा-वीस सेकंद धरून ठेवलं की अडकलेले बरेच अँड्रॉइड फोन उठतात, पण एवढा वेळ आहे कुणाला?

चार्जरला लावा आणि दर अर्ध्या मिनिटाने काढून बघा.

बॅटरी फुगली असेल तर झाकण अंगठ्याने दाबून बसवा. (हे खरंच करू नका. पेट घेते.)

आता सर्व्हिस सेंटर. टोकन घ्या, बसा. नंबर आला की काउंटरवरचा मुलगा म्हणेल, “सर, ओटीपी सांगा.” ओटीपी कुठे आलाय? बंद फोनवर. “मग बिल दाखवा.” बिल मेलवर, मेल फोनमध्ये. “तपासणीचे ३०० रुपये, यूपीआय चालेल.” तेही फोनमध्येच रे बाबा! शेवटी बायकोला मीटिंगमधून उठवून ओटीपी मिळवा. मग तो फोन हातात घेतो, एकदा उलटा, एकदा सुलटा, आणि निदान करतो: मदरबोर्ड. उघडला नाही. मीटर लावला नाही. दुसरी केबलसुद्धा लावून पाहिली नाही. मदरबोर्ड! ११,५०० रुपये, डेटाची जबाबदारी आमची नाही, इथे सही करा. आणि एवढे घालण्यापेक्षा सर, एक्स्चेंज ऑफर बघता का?

बघतो ना, आलोच, म्हणून मी फोन उचलला आणि पुण्यातली तापकीर गल्ली गाठली. जिन्याखालच्या दुकानातल्या माणसाने चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारला, लाकडी टूथपिक घातली आणि दोन वर्षांच्या खिशाचा दाबून बसलेला कचरा बाहेर काढला. चांगला हरभऱ्याएवढा गोळा. पिन आत टेकतच नव्हती, मग रात्रभर लावून काय चार्ज होणार होतं? त्याने केबल लावली, ती टचकन बसली. चहा येईपर्यंत लोगो आला. ५० रुपये.

अरे सर्व्हिस सेंटरवाल्यांनो, लाज कशी वाटत नाही तुम्हाला? आत मायक्रोस्कोप आहे, पॉवर सप्लाय आहे, फोन किती करंट ओढतोय ते लावल्या लावल्या आकड्यात दिसतं. काचेवर ‘प्रशिक्षित तंत्रज्ञ’ लिहिलंय. तेवढं करायचं नसेल तर निदान भोकात डोकावून बघा! मुलांचे फोटो, बापाचा शेवटचा व्हॉइस मेसेज, सगळं असतं त्यात, आणि तुम्ही न उघडता ‘डेटा जाईल’ म्हणता? तपासणी कसली केलीत ती? माझे ३०० रुपये परत द्या.