डूख खरा, पण कारण घरट्यात
पुण्यात कोथरूडच्या एका सोसायटीतले कावळे डूख धरून ठरावीक लोकांनाच टोचतात, असं एका लेखात वाचलं. ते शक्य आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात संशोधकांनी मुखवटे घालून अमेरिकन कावळे पकडले, तर ते तो चेहरा वर्षानुवर्षं ओळखत राहिले. न पकडलेले कावळेही इतरांचं बघून शिकले. आपला गावकावळा जात वेगळी, पण स्वभाव तोच.

मात्र मे-जूनमध्ये हल्ले वाढण्याचं कारण पिल्लं. घरट्यातून उतरलेलं पिल्लू काही दिवस धड उडत नाही, पार्किंगमध्ये बसून राहतं. शेपूट आखूड आणि चोचीच्या आतला भाग लालसर असेल तर ते पिल्लूच. उचलून घरात नेऊ नका, नेमकी तिथेच चूक होते: आईबाप बघतात, कावकाव करून आळीतले कावळे गोळा करतात आणि तुमचा चेहरा लक्षात राहतो. मांजराची भीती असेल तर डोक्यावर छत्री धरून पिल्लू जवळच्या फांदीवर किंवा भिंतीवर ठेवा. पालक तिथे येऊन भरवतात. माणसाच्या वासाने टाकून देतात हा निव्वळ गैरसमज.

कावळा बहुधा मागून येतो, म्हणून पळू नका. त्याच्याकडे तोंड करून चाला. दगड मारलात तर पुढच्या मोसमातही ओळख राहील. पिल्लं उडाली की प्रकार थांबतो. घरटं पाडायचंच असेल तर त्यानंतर, आणि आत कोकिळेचं पिल्लू नाही ना ते बघून.