फ्रेममधला फार्मासिस्ट

तुमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये काउंटरच्या मागे, बहुतेक गणपतीच्या फोटोशेजारी, एक फ्रेम लटकलेली असते. आत औषधविक्रीचा परवाना, त्यावर फार्मासिस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक. पुढच्या वेळी गेलात की ते नाव वाचा आणि गोळ्या देणाऱ्या मुलाला विचारा, "हे कोण?" बऱ्याच ठिकाणी उत्तर येईल, "सर जेवायला गेलेत." सकाळी दहालाही सर जेवायलाच गेलेले असतात.

मी फार्मासिस्ट आहे. आधी रिटेलला होते, आता हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे. त्यामुळे ही चहाडी म्हणा किंवा घरचा आहेर, पण एकदा लिहायचंच होतं.

आपल्याकडे कायदा नाही असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. १९४८ च्या फार्मसी ॲक्टचं कलम ४२ स्वच्छ सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी देऊ नये. शिक्षा होती सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कैद तीन महिन्यांवर आणली आणि दंड दोन लाखांपर्यंत नेला. १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ तर वाचण्यासारखा आहे. डॉक्टरने तसं लिहिलं नसेल तर एक चिठ्ठी एकदाच वापरायची. औषध दिलं की त्याच चिठ्ठीवर, डॉक्टरच्या सहीच्या वर, दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची. तुमच्या चिठ्ठीवर कुणी असं काही लिहून दिल्याचं आठवतंय? शेड्यूल एच म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांची यादी; त्यातलं औषध असेल तर चिठ्ठीत लिहिलेल्याऐवजी दुसरं द्यायचं नाही, हेही तिथेच आहे. "ती कंपनी नाही, ही घ्या, सेमच आहे" हे वाक्य तुम्ही कितीदा ऐकलंय ते तुमचं तुम्हीच मोजा.

मग हे सगळं जातं कुठे? भाड्यात जातं. डी.फार्म म्हणजे फार्मसीची पदविका करणाऱ्या पोराला कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून विचारणा सुरू होते, "सर्टिफिकेट कुठे लावलंस?" माणूस हजर राहायला नको, नाव हवं. मलाही एका मालकाने अगदी आपुलकीने सुचवलं होतं, "ताई, तुम्ही घरी बसा, महिन्याच्या महिन्याला पैसे पोचतील." त्यांना त्यात काही गैर वाटत नव्हतं. दुकानाचा गाळा भाड्याने, फ्रिज हप्त्यावर, तसं हेही.

औषध निरीक्षक येतात तेव्हा काय बघतात? फ्रिजचं तापमान, खरेदीची बिलं, एक्स्पायरी माल वेगळा ठेवलाय का, एच-वनचं रजिस्टर. हे बघायलाच हवं, माझी तक्रार नाही. पण ते रजिस्टर उघडून नुसतं अक्षर बघा. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-वन या आणखी कडक यादीत सुरुवातीला ४६ औषधं होती. क्षयाची औषधं, झोपेच्या गोळ्या, वरच्या दर्जाची प्रतिजैविकं. प्रत्येक विक्रीला डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहायची आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. कित्येक दुकानांत ते महिनाअखेरीस एका बैठकीत, एकाच पेनने भरलं जातं. आणि गंमत अशी की जी ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची पट्टी लोक सर्दीवर स्वतःहून मागतात, ती त्या मूळ यादीत नव्हतीच.

केमिस्ट मित्र चिडतील, म्हणून त्यांची बाजूही मांडते, कारण ती निम्मी खरी आहे. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना "फार्मासिस्ट नाही तर विक्री नाही" आणि "बिल द्या" हे नियम राज्यात खरोखर राबवायला सुरुवात झाली. केवढा गदारोळ झाला होता तेव्हा! दुकानं बंद, मोर्चे, आणि "आम्ही आठच तास दुकान उघडू" अशी भाषा. त्या भाषेमागे हिशेब होता. दुकान सकाळी नऊ ते रात्री साडेदहा. एक फार्मासिस्ट साडेतेरा तास उभा राहू शकत नाही, म्हणजे दोन हवेत. मूल्यनियंत्रणातल्या औषधावर किरकोळ विक्रेत्याला धरलेला नफा १६ टक्के, इतर औषधांवर साधारण २०. त्यातून समोरच्या दुकानाने "१५ टक्के सूट"चा फलक लावला की उरतं काय? दुसऱ्या फार्मासिस्टचा पगार कुठून काढायचा? तालुक्याच्या गावात हा प्रश्न अगदी खरा आहे.

पण यातून निघणारा "म्हणून कुणीही दिलं तरी चालेल" हा निष्कर्ष मला मान्य नाही.

मेथोट्रेक्सेटचं उदाहरण घ्या. संधिवातावर ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तपेशी घटतात, तोंडात फोड येतात, माणूस जातो. चिठ्ठीवर "वीकली" घाईघाईत लिहिलेलं असतं आणि दुकानातला मुलगा सवयीने पाकिटावर पेनने १-०-० लिहून देतो. हे लक्षात येण्यासाठी ती गोळी काय आहे ते माहीत असावं लागतं. बारकोड ते सांगत नाही. दुसरं उदाहरण नायट्याचं. गेल्या काही वर्षांत नायटा बरा होईनासा झालाय, त्यामागे स्टेरॉइड मिसळलेली मलमं हे एक मोठं कारण आहे. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून लोक तेच मागतात, आणि बुरशी मात्र पसरत राहते. २०१८ मध्ये अशा १४ स्टेरॉइड्सची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. जाऊन मागून बघा, साबणासारखी मिळतील.

माझं म्हणणं एवढंच की सरकार दुकानाला परवाना देतं आणि दुकानच तपासतं. कायद्याने ज्या माणसावर जबाबदारी टाकलीय तो तपासणीत कुठेच नसतो. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम ठरवलं, पण त्या कामाचे पैसे कोण देणार यावर सगळे गप्प. त्याची कमाई विकलेल्या पाकिटावरच. "हे घेऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा" असं म्हणणारा फार्मासिस्ट मालकाला तोट्यातच दिसणार.

म्हणून दोन गोष्टी करून बघाव्यात. शेड्यूल एच आणि एच-वनचं प्रत्येक बिल फार्मासिस्टच्या स्वतःच्या लॉगिनवरूनच निघावं. एकच नाव एका वेळी सांगलीत आणि साताऱ्यात बिलं फाडत असेल तर ते संगणकालाही कळेल, निरीक्षकाची गाडी जायला नको. आणि फार्मासिस्ट नसेल त्या वेळी दुकान खुशाल उघडं ठेवा, पण शेड्यूल एच आणि एच-वनचं कपाट बंद. पॅरासिटामॉल, ओआरएस, बँडेज, डायपर विका की. एकच फार्मासिस्ट परवडणाऱ्या दुकानाला निदान खोटं बोलावं लागणार नाही. रात्री-अपरात्री गरज लागली तर काय, हा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. त्यासाठी दर तालुक्यात पाळीपाळीने रात्रभर उघडं राहणारं, फार्मासिस्ट असलेलं एक दुकान ठरवता येईल. ग्रामीण रुग्णालयाच्या औषध निर्माण अधिकाऱ्यालाही त्यात धरता येईल.

ऑनलाइन औषधविक्रीवर वेगळं लिहीन. केंद्राने त्याच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये काढला आणि तेव्हापासून तो मसुदाच आहे. त्या विक्रीविरुद्ध केमिस्टांच्या देशव्यापी संघटनेने २०१५, २०१७ आणि २०१८ मध्ये दुकानं बंद ठेवली. मुद्दा होता की चिठ्ठी न बघता औषधं घरपोच जातात. मुद्दा बरोबरच आहे. फार्मासिस्टला सल्ल्याची स्वतंत्र फी मिळावी म्हणून मात्र एका दिवसाचाही बंद माझ्या ऐकिवात नाही.