आधी एकच काम शिकवा

एकोणीस वर्षांच्या पोराचा पहिला हंगाम संपतो न संपतो तोच लोक निकाल लावून मोकळे होतात. "गेला हा. नुसती उंची आहे, खेळ कुठाय?" एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) वरच्या नंबरावर घेतलेल्या प्रत्येक कच्च्या पोराच्या वाट्याला हे येतं. पी हळद नि हो गोरी. बारा वर्षं मी उंच मुलांना बास्केटबॉल शिकवतोय, त्यामुळे असं काही वाचलं की गप्प बसवत नाही. आणि माझा राग फक्त प्रेक्षकांवर नाही. अशी पोरं वाया जातात ती बहुतेक वेळा आम्हा शिकवणाऱ्यांच्या आणि टीम चालवणाऱ्यांच्या हातून. एक तर आम्ही सगळं एकदम शिकवायला जातो, नाहीतर बाकावर बसवून ठेवतो आणि त्यालाच संयम म्हणतो.

मी पहिली चूक केली आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

तो माझ्याकडे आला तेव्हा सोळाचा होता. सहा फूट सात इंच. उभ्या उभ्या हात वर केला तर बोटांपासून रिंग जेमतेम फूटभर लांब राहायची. आधी दोन वर्षं फुटबॉलमध्ये गोलकीपर होता, त्यामुळे पाय हलके आणि झेल पक्का. असा मुलगा समोर आला की कोचच्या डोळ्यांपुढे पुढची दहा वर्षं नाचायला लागतात, माझ्याही नाचली. आजचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा टीममधला सगळ्यात उंच खेळाडू) थ्री (लांबून तीन गुणांचा शॉट) मारतो, ड्रिबल करत कोर्टभर येतो, उलट्या बाजूला पास टाकतो, मग याला हे सगळं यायलाच हवं. सोमवारी पोस्टमधल्या, म्हणजे रिंगजवळच्या, हालचाली, मंगळवारी थ्री, बुधवारी बॉल हँडलिंग, गुरुवारी हुक (एका हाताने डोक्यावरून टाकायचा शॉट). वही भरून गेली होती.

आठ महिन्यांनी तो आधीपेक्षा वाईट खेळत होता. बॉल हातात आला की थबकायचा. डोक्यात पाच पर्याय एकदम आलेत हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं, आणि त्यातला एक निवडेपर्यंत समोरचा येऊन पोचलेला असायचा. एक ना धड भाराभर चिंध्या, आणि त्या चिंध्या मी केल्या होत्या.

एका रात्री मॅचचा व्हिडिओ लावून फक्त त्यालाच बघत बसलो. रिंगखाली त्याने अकरा वेळा बॉल झेलला. अकरांपैकी नऊ वेळा झेलल्याबरोबर बॉल कमरेपर्यंत खाली आला. बॉल कमरेला आला की तो समोरच्या बुटक्या गार्डला (बॉल घेऊन येणाऱ्या चपळ खेळाडूला) आयताच मिळतो. हे पोर स्वतःची उंची स्वतःच्या हाताने घालवत होतं, आणि त्याला हवेत हुक कसा सोडायचा हे शिकवण्यात मी आठ महिने घालवले होते.

दुसऱ्या दिवशी वही बंद केली. सहा आठवडे एकच गोष्ट: बॉल हनुवटीच्या खाली येणार नाही. दोन्ही हातांत घट्ट, कोपरं बाहेर. कोच लोक याला 'चिन इट' म्हणतात. आणि रोज मायकन ड्रिल. रिंगखाली उभं राहायचं, उजव्या हाताने बोर्डवर टाकायचं, बॉल जाळीतून पडतो तो वरच झेलायचा, पाय बदलून डाव्या हाताने टाकायचं, परत झेलायचं. ड्रिबल नाही, थांबणं नाही, बॉल खाली आणणं नाही. बघायला अगदी साधं वाटतं. दोन मिनिटांत खांदे भरून येतात.

ज्याच्या नावाने हे ड्रिल आहे त्याची गोष्ट प्रत्येक कोचने लक्षात ठेवावी अशी आहे. १९४२ मध्ये रे मायर अमेरिकेतल्या डीपॉल विद्यापीठाचे कोच झाले तेव्हा जॉर्ज मायकन हा सहा फूट दहा इंच उंचीचा, जाड चष्म्याचा, स्वतःच्याच पायात अडखळणारा मुलगा होता. इतका उंच माणूस बास्केटबॉल खेळूच शकत नाही असं त्या काळी जाणकारांनाही वाटायचं. मायरनी त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, बॉक्सिंगचा सराव दिला, नाच शिकायला पाठवलं, कारण आधी पाय सुधारायचे होते. त्याच्या जोडीला दोन्ही हातांनी रिंगजवळचे शॉट, शेकड्यांनी, रोज. पुढे त्याच मायकनने मिनिआपोलिस लेकर्सकडून पाच अजिंक्यपदं मिळवली, आणि त्याला रिंगपासून लांब ठेवायला लीगने १९५१ मध्ये लेनची (रिंगसमोरच्या आखलेल्या पट्ट्याची) रुंदी सहा फुटांवरून बारा फूट केली. मायरनी सुरुवातीला काय निवडलं ते बघा. पाय आणि रिंगजवळचे दोन हात, बस. याला पुढे काय काय येऊ शकेल हा विचार त्यांनी बाजूला ठेवला होता.

कच्च्या पोराबद्दल पहिला प्रश्न हाच असायला हवा: उद्या कोर्टवर दहा मिनिटं उभं राहायचं असेल तर याने कोणतं एक काम करायचं? लांब हातांच्या पोरासाठी ते काम बहुतेक वेळा ठरलेलं असतं. स्क्रीन लावायचा, म्हणजे आपल्या गार्डच्या मागे लागलेल्याची वाट अंगाने अडवायची, तोही पाय स्थिर ठेवून, नाहीतर शिट्टी वाजते. मग वळून रिंगकडे जायचं, बॉल वर झेलायचा, दोन पायांवर उडून टाकायचा. बचावात हात सरळ वर ठेवून सरळ उडायचं. यात देखणं काही नाही. पण व्यावसायिक टीमला राखीव सेंटरकडून आधी एवढंच हवं असतं, आणि एवढं चोख करणाऱ्या पोराला कोच कोर्टवर ठेवतो. कोर्टवर राहिला तर पुढचं शिकेल.

इथून मिनिटांचा प्रश्न सुरू होतो, आणि माझा सगळा जीव त्यातच अडकलाय.

पिक अँड रोलच्या, म्हणजे स्क्रीन लावून रिंगकडे धावण्याच्या डावाच्या, बचावात सेंटरला अर्ध्या सेकंदात ठरवावं लागतं. बॉलवाला गार्ड अंगावर येतोय, मागून स्क्रीन लावणारा रिंगकडे धावतोय, आणि दोघांच्या मध्ये तू एकटा. एक पाऊल पुढे गेलास तर मागे लॉब (डोक्यावरून उंच पास) पडतो, मागे राहिलास तर गार्ड आरामात जंप शॉट मारतो. याचा सराव फळ्यावर होत नाही, सरावाच्या कोर्टवरही पुरता होत नाही, कारण आपल्याच टीमचे डाव पोराला पाठ असतात. ते चुकतच शिकावं लागतं, खऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढे, अंगावर फाउल घेत. एनबीएत सहा फाउल झाले की खेळाडू बाहेर, आंतरराष्ट्रीय नियमांत पाच. कच्चा सेंटर हे फाउल भराभर संपवतो, कारण पाय उशिरा पोचतात आणि मग हात मदतीला धावतात. फाउल जास्त झाले म्हणून बसवून ठेवलंत तर तो पुढच्या मॅचमध्येही तेच करणार.

दोन पोरं शेजारी ठेवून बघू. दोघंही निवडले गेले तेव्हा अठराचे.

डार्को मिलिचिचला २००३ मध्ये डेट्रॉइट पिस्टन्सने दुसऱ्या नंबरावर घेतलं, कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड यांच्या आधी. टीम तगडी होती, त्याच हंगामात अजिंक्य झाली. तिथे शिकाऊ पोराला चुका करायला जागा कुठून असणार? पहिल्या हंगामात तो ३४ सामन्यांत उतरला, सामन्यामागे पाच मिनिटंही नाहीत. निकाल आधीच लागलेल्या सामन्याच्या शेवटी त्याला आत पाठवायचे आणि प्रेक्षक टाळ्या पिटायचे. अठरा वर्षांच्या मुलाला त्या टाळ्यांचा अर्थ कळत नसेल असं मला वाटत नाही. २००६ च्या सुरुवातीला त्याला ऑर्लँडोला पाठवलं, तिथे खेळायला मिळालं तेव्हा तो सामन्यामागे दोन ब्लॉक करत होता, म्हणजे समोरच्याचे शॉट हवेतच अडवत होता. म्हणजे हातात काहीच नव्हतं असं नाही.

यानिस अँटेटोकुम्पो २०१३ मध्ये पंधराव्या नंबरावर मिलवॉकी बक्सकडे गेला, थेट ग्रीसच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमधून. बक्स त्या हंगामात १५ सामने जिंकले आणि ६७ हरले. हरण्याला मी चांगलं म्हणणार नाही. पण त्या हरणाऱ्या टीममध्ये हा पोरगा ७७ सामने खेळला, सामन्यामागे जवळपास २५ मिनिटं. गुण किती? सरासरी ६.८. आजच्या घाईत त्यालाही 'गेला' म्हटलं असतं. पुढे १२.७, मग १६.९, मग २२.९. २०१९ मध्ये एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), २०२१ मध्ये अजिंक्यपद, शेवटच्या सामन्यात ५० गुण.

आणि त्याचा शॉट? तो तेव्हाही पूर्ण बसलेला नव्हता. त्याच २०२१ च्या प्लेऑफमध्ये (बाद फेऱ्यांत) तो फ्री थ्रोला (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या शॉटला) उभा राहिला की प्रेक्षक मोठ्याने सेकंद मोजायचे, कारण तो वेळ लावायचा आणि बरेच चुकवायचा. अंतिम सामन्यात मात्र १९ पैकी १७ घातले. आठ वर्षांनीही त्याच्या खेळात उणीव उरली होती, आणि ती भरेपर्यंत बक्सने त्याला थांबवून ठेवलं नव्हतं. लांब पावलं, मोकळ्या कोर्टवरची धाव, रिंगपर्यंत पोचणारा हात, जे होतं ते वापरायला दिलं. बॉलही त्याच्या हातात दिला, तो दोनअडीच हंगामांनंतर.

कुणी मला जर्मेन ओनीलचं उदाहरण देईल आणि ते बरोबर असेल. १९९६ मध्ये सतराव्या नंबरावर घेतलेला ओनील पोर्टलंडमध्ये चार वर्षं बहुतांश बाकावर होता, इंडियानाला गेला आणि सहा वेळा ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत गेला. म्हणजे बाक प्रत्येकाला संपवत नाही. पण रोज सरावात आर्विडास साबोनिससारख्या कसलेल्या सेंटरशी भिडायला मिळणं हेही एक प्रकारचं खेळणंच आहे, ते सगळ्यांच्या नशिबी नसतं. आणि शेवटी फुलला तो टीम बदलल्यावरच.

मोठ्या टीमला जिंकायचं असतं, तिची अडचण मला कळते. त्यासाठीच तर खालची लीग आहे. तरीही खाली पाठवलं की लोकांना ती शिक्षा वाटते, पोरालाही वाटते. पास्कल सियाकमला २०१६ मध्ये टोरंटोने सत्ताविसाव्या नंबरावर घेतलं. हंगामाच्या सुरुवातीला तो पहिल्या पाचात होता, पुढे जागा गेली आणि त्याला टोरंटोच्याच खालच्या लीगमधल्या टीमकडे, रॅप्टर्स ९०५ कडे, धाडलं. तिथे तो भरपूर खेळला, टीम २०१७ मध्ये जिंकली आणि फायनल्सचा एमव्हीपी तोच ठरला. पुढच्या हंगामात त्याचे थ्री शंभरात २२ जायचे, त्याच्या पुढच्या हंगामात ३७ च्या आसपास. २०१९ च्या एनबीए फायनल्सच्या पहिल्याच सामन्यात त्याने १७ पैकी १४ शॉट घालून ३२ गुण केले.

शॉटबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त मोडतोड तिथे होते. कच्च्या पोराचा शॉट वाकडा दिसला की जो तो पाय, कोपर, मनगट, नजर सगळं एकदम बदलायला निघतो. कवाय लेनर्डचं उदाहरण बघा. कॉलेजच्या दोन वर्षांत त्याचे थ्री शंभरात २५ जायचे. २०११ मध्ये तोही पंधराव्या नंबरावर निवडला गेला आणि त्याच रात्री दोन टीममधल्या अदलाबदलीच्या सौद्यात सॅन अँटोनिओला आला. तिथले शूटिंग कोच चिप एंगलंड यांनी बॉल सुटण्याची जागा बदलण्यावर भर दिला. शॉट मुळापासून नव्याने बांधायला घेतला नाही. पहिल्याच हंगामात थ्री ३७ टक्क्यांच्या वर गेले. आणि एक खूण आधीपासून होती: कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी त्याचे फ्री थ्रो शंभरात ७६ जायचे. फ्री थ्रो बरे जाणाऱ्या पोराच्या बोटांत मऊपणा असतो, तो लांबूनही शिकू शकतो. थ्रीचे आकडे बघून पोराला मोडीत काढण्याआधी मी आता फ्री थ्रो बघतो.

माझ्या त्या पोराचं पुढे काय झालं ते सांगतो. सहा आठवड्यांनी बॉल हनुवटीपाशी राहायला लागला. मग स्क्रीन आणि रोल, चार महिने तेवढंच. नंतरचा अख्खा हंगाम बचावात गेला, आणि त्या हंगामात तो किती वेळा पाच फाउल करून बाहेर बसला ते मी मोजलं नाही. मुद्दामच मोजलं नाही. घरच्यांनी विचारलं, "सर, याला थ्री कधी शिकवणार? बाकीची मुलं मारतात." मी थांबा म्हटलं, आणि तसं म्हणताना मलाही धाकधूक होतीच. हंगामाच्या शेवटी शेवटी एका मॅचमध्ये समोरचा गार्ड अंगावर आला, हा अर्धं पाऊल मागे सरकला, लॉबची वाट अडवली, आणि गार्डने शॉटसाठी बॉल उचलताच तेच अर्धं पाऊल पुढे टाकून हात सरळ वर केला. फाउल नाही. शॉट चुकला. स्कोअरशीटवर त्याच्या नावापुढे काहीच लागलं नाही, पण मी बाकावरून उठून उभा राहिलो होतो.

आता तो एकोणीसचा आहे, एका व्यावसायिक क्लबच्या दुसऱ्या टीमबरोबर सराव करतो. सुट्टीत माझ्याकडे येतो. गेल्या महिन्यात सराव संपल्यावर बॅगेतून वही काढून माझ्यापुढे धरली. तारखा लिहिलेल्या, प्रत्येक तारखेपुढे आकडा. फ्री थ्रो, रोज शंभर. शेवटचे तीन आठवडे एकदाही चौऱ्याहत्तरच्या खाली नाही.

"सर, आता कोपऱ्यातून थ्री सुरू करू या का?"

मी बॉल उचलून त्याच्याकडे टाकला. त्याने झेलला, हनुवटीपाशीच धरला, आणि कोपऱ्याकडे चालू लागला.