धरणात लाटा उठतात

माझा भाचा नाशिकच्या सिडकोत राहतो. रविवारी पहाटे दोन मित्रांना घेऊन गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गळ टाकायला जातो. हल्ली ओळखीतून छोटी होडीही मिळते. परवा त्याने मला एक व्हॉट्सॲप मेसेज पाठवला, ‘धरणातल्या मासेमारीच्या पाच खात्रीच्या युक्त्या’. खाली त्याने लिहिलं होतं, ‘मामा, जॅकेटचे पैसे वाचले.’ संध्याकाळपर्यंत तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या आणि गावाकडच्या ग्रुपवरही येऊन पडला. म्हणून हे लिहितो आहे.

पहिली युक्ती: ‘धरणाचं पाणी साचलेलं, त्याला समुद्रासारख्या लाटा नसतात. पोहणाऱ्याला लाइफ जॅकेट लागत नाही.’ अहो, लाटा वारा उठवतो! मोकळ्या पाण्यावर वारा जितका लांब धावतो तितक्या त्या वाढतात. धरणात त्या समुद्राइतक्या उंच नसतील, पण आखूड आणि उभ्या असतात, एकीतून होडी सावरायच्या आत दुसरी आदळते. होडीची कड पाण्यावर वीतभर असेल तर तेवढं पुरे. एकाने उभं राहून फेकजाळं भिरकावलं आणि मासा बघायला बाकीचे दोघंही त्याच बाजूला झुकले, तर वाराही लागत नाही.

दुसरी युक्ती वाचून मात्र माझा संताप झाला. ‘होडी उलटली तर क्षणभरही न थांबता ती सोडा आणि किनारा गाठा. उजनीत एक जण असाच वाचला.’ उजनी धरणात काय झालं ते पूर्ण सांगा ना. 21 मे 2024 ची संध्याकाळ. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहत किनाऱ्याला लागला, हे खरं. पण सहा जण गेले, त्यांत लहान मुलं होती. मृतदेह शोधायला एनडीआरएफचं पथक उतरवावं लागलं. हे सहा मृत्यू गाळायचे, वाचलेल्या एकाची गोष्ट तेवढी ठेवायची आणि तिला युक्ती म्हणायचं, याला मी खोटेपणाच म्हणतो.

लाकडी किंवा फायबरची होडी उलटली तरी बहुतेक वेळा तरंगत राहते. तिला धरून राहायचं. जमलं तर तिच्या पाठीवर अंग टाकायचं आणि सगळ्यांनी एकत्र थांबायचं. लांबून होडी दिसते, लाटांत माणसाचं डोकं दिसत नाही. मदतीला येणारा माणूस त्या होडीकडेच येणार. होडी बुडतच असेल किंवा सांडव्याकडे ओढली जात असेल तर गोष्ट वेगळी. एरवी, समोर दिसतो तो किनारा पाण्यातून वाटतो त्याहून खूप लांब असतो. अंगात ओली जीन्स, पायात बूट, तोंडावर लाटा. भाचा महापालिकेच्या तलावात रोज पोहतो, चांगला पोहतो. पण तिथे दमलं की धरायला कठडा असतो. इथे किनाऱ्याजवळ पोचलं तरी पाय गाळात रुततो, बुडालेल्या बाभळींचे बुंधे असतात, कुणाची तरी सोडून दिलेली जाळी असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर अवकाळीचा वारा कसा सुटतो हे नाशिककराला सांगायला नको. द्राक्षबागा आडव्या करणारा तो वारा पाण्यावर होडीला सोडेल का?

तिसरी युक्ती आहे रिकाम्या डब्यांची: पाच लिटरचे बंद डबे कमरेला बांधा, झालं जॅकेट. यात थोडं तथ्य आहे, मान्य करावं लागतं. पाच लिटरचा घट्ट झाकणाचा डबा साधारण पाच किलोचं वजन पाण्यावर तोलतो. दोरी बांधून तो होडीत ठेवा, पाण्यात पडलेल्याकडे फेकायला उत्तम. पण कमरेला बांधलात तर कंबर वर आणि तोंड पाण्यात. चांगलं जॅकेट छातीशी आणि मानेशी आधार देतं, ते तोंड वर राहावं म्हणूनच.

चौथी, पहिल्या पावसात मासे चढतात तेव्हा सर्वांत जास्त मिळतात. मिळतात. रोहू, कटला, मृगळ त्या दिवसांत वाहत्या पाण्यात अंडी घालायला निघतात. पोटातल्या अंड्यांसह मासे उचलले तर पुढे धरणात काय उरणार? आणि ओढे त्याच दिवसांत अचानक फुगतात.

पाचवी: ‘बुडालेल्याला उलटं धरून पोट दाबा, पाणी निघतं.’ हे कृपा करून कुणीही करू नका. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बुडालेल्याचं पोट दाबणं अनावश्यक आणि धोक्याचं सांगितलं आहे. त्याने पोटातलं पाणी आणि अन्न वर येऊन श्वासनलिकेत शिरू शकतं, आणि मोलाची मिनिटं जातात. त्याला कमी पडलेला असतो प्राणवायू. श्वास थांबला असेल तर पाठीवर झोपवा, तोंडाने श्वास द्या, छाती दाबायला लागा, दुसऱ्याला 108 फिरवायला सांगा. हे शिकवणारे वर्ग असतात, दोन-तीन तासांत हात बसतो.

भाच्याला काल तीन जॅकेटं घेऊन दिली. होडीत फळीखाली कोंबून ठेवायची नाहीत, किनाऱ्यावरच अंगात घालून पट्टे आवळायचे, असं त्याच्या मित्रांनाही फोन करून सांगितलं. तो मेसेज त्याने ज्या ग्रुपवर पुढे पाठवला होता, तिथे आता त्यालाच हे टाकायला लावणार आहे.