मी ज्या गाण्यावर नाचलो

मेलबर्नला येऊन वर्षही झालं नव्हतं. ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत डीजेनं एक गाणं लावलं आणि सगळे खुर्च्या सोडून उठले. मीही उठलो. गणपती मिरवणुकीत शिकलेलं जे काही येत होतं ते नाचलो. ‘ट्रीटी’ एवढाच शब्द कळत होता, बाकीची भाषा अनोळखी. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

नंतर कळलं ते असं. १९८८ साली गोऱ्यांच्या आगमनाला २०० वर्षं झाली म्हणून ऑस्ट्रेलियाभर जल्लोष सुरू होता. त्याच वर्षी उत्तरेत बारुंगा इथं अ‍ॅबोरिजिनल (म्हणजे इथल्या मूळ रहिवासी) नेत्यांनी चित्रांनी मढवलेलं एक निवेदन पंतप्रधान बॉब हॉक यांच्या हाती दिलं. हॉक यांनी शब्द दिला : तुमच्याशी करार करू. करार झाला नाही. १९९१ मध्ये योथू यिंडी या बँडनं त्या शब्दाची आठवण करून देणारं ‘ट्रीटी’ (म्हणजे करार) हे गाणं काढलं. अर्धं इंग्रजीत, अर्धं उत्तरेकडच्या योल्ंगू या मूळ रहिवासी लोकांच्या भाषेत. सुरुवातीला फारसं कुणी विचारलं नाही. मग नाइटक्लबसाठी त्याचं रिमिक्स झालं, ते देशातल्या गाण्यांच्या क्रमवारीत ११व्या क्रमांकापर्यंत चढलं. आणि त्या रिमिक्समधून बरेचसे इंग्रजी शब्द काढून टाकले होते. म्हणजे ज्यांना जाब विचारायचा त्यांना कळणाऱ्या भाषेतला जाब गेला, ठेका राहिला! मी नाचलो ते हेच.

हॉक यांनी पंतप्रधान म्हणून शेवटच्या दिवसांत ते निवेदन संसदेच्या भिंतीवर टांगलं. वचन पाळायचं राहिलं, वचनाची फ्रेम झाली.

म्हणून ‘संगीतानं अन्यायाविरुद्ध लढा दिला’ असं कुणी गोड आवाजात म्हटलं की मला जरा वैताग येतो. इथं ऑस्ट्रेलियात मीटिंग सुरू होताना ही जमीन मुळात कुणाची याचा उल्लेख अगदी न चुकता वाचतात. २०२३ मध्ये संसदेला सल्ला देणारी एक अ‍ॅबोरिजिनल समिती घटनेत आणायची का, यावर मतदान झालं. साठ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले, सहाच्या सहा राज्यांत. यातल्या कितीजणांनी ‘ट्रीटी’वर ठेका धरला असेल?

पण मग मूळ रहिवासी गायक आर्ची रोच आठवतो आणि माझंच म्हणणं मला पटेनासं होतं.

दोन-तीन वर्षांचा असताना त्याला सरकारी माणसांनी आईबापांपासून उचललं. तुझे घरचे आगीत गेले, असं पुढे सांगितलं गेलं. गोऱ्या पालकांच्या घरी वाढला. ते प्रेमळ होते, गाणी त्यानं तिथंच ऐकली. किशोरवयात शाळेत एक पत्र आलं. सख्ख्या बहिणीचं. आई आत्ता वारली, असं त्यात होतं. म्हणजे इतकी वर्षं ती जिवंत होती. त्यानंतर रस्त्यावरचे दिवस, दारू, सगळं. त्यातून त्यानं ‘टूक द चिल्ड्रन अवे’ (मुलं उचलून नेली) हे गाणं लिहिलं.

मेलबर्नच्या मोठ्या सभागृहात गायक पॉल केली यांच्या कार्यक्रमाआधी तो हे गायला. गाणं संपलं. चिडीचूप. लोकांना आवडलं नाही असं समजून तो गिटार घेऊन विंगेकडे निघाला, तेव्हा कुठे एकेक टाळी सुरू झाली आणि वाढतच गेली. ती शांतता मला त्या टाळ्यांहून मोलाची वाटते. गाणं १९९० मध्ये रेकॉर्ड होऊन आलं. मूळ रहिवाशांची मुलं अशी हिरावण्याच्या धोरणावरचा सरकारी चौकशी अहवाल आला १९९७ मध्ये. संसदेत माफी मागितली गेली २००८ मध्ये. आधी साक्ष, मागाहून चौकशी. भीमगीतं आणि जलसे ऐकत वाढलेल्यांना यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

शिवाय आपण ‘संगीत’ म्हणतो तेच मुळात तोकडं पडतं. मूळ रहिवाशांच्या परंपरेत गाणं म्हणजे जमिनीची नोंद. पूर्वज कुठून कसे गेले, पाणी कुठे, टेकडी कुणाची, सगळं त्यात. ते गायचा अधिकार ज्याचा, जमिनीची जबाबदारी त्याची. आपल्याकडे सातबारा, त्यांच्याकडे गाणं. नॉर्दर्न टेरिटरी या उत्तरेकडच्या प्रांतात १९७६ च्या जमीनहक्क कायद्यानंतर सुनावण्यांमध्ये लोकांनी त्या त्या जागी जाऊन गाऊन-नाचून दाखवलं आणि ते पुरावा म्हणून घेतलं गेलं. स्त्रियांचं गाणं पुरुषांनी ऐकायचं नाही, म्हणून काही पुरावे बंद दाराआड ठेवावे लागले. तलाठ्याच्या दप्तराबाहेरही मालकी असते, हे कायद्याला गाण्याकडून शिकावं लागलं.

‘ट्रीटी’चं म्हणाल तर पहिला करार-कायदा आमच्या व्हिक्टोरिया राज्यात झाला, २०२५ मध्ये. बारुंगाला ३७ वर्षं झाल्यावर. केंद्राचा अजून नाही.

एक राहिलं. मूळ रहिवाशांच्या अनेक समाजांत गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. २०२२ मध्ये आर्ची गेला तेव्हा त्याच्या घरच्यांनी नाव आणि फोटो वापरायला आपणहून परवानगी दिली. म्हणून वर ते लिहिता आलं. योथू यिंडीचा मुख्य गायक २०१३ मध्ये गेला, तेव्हा पहिलं नाव टाळून त्याला नुसतं ‘डॉ. युनुपिंगू’ म्हटलं जायचं. मीही तेवढंच लिहितो.