बांबूच्या कुंपणाला तीनच वर्षं टिकायचं आहे : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

सांदवाडीच्या (घरामागच्या भाजीच्या तुकड्याच्या) कुंपणावर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची भलीमोठी प्रतिक्रिया नीट वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं : बांबू-तुराट्यांचं (तुरीच्या काड्यांचं) कुंपण काळ्या मातीत दोन पावसाळेही उभं राहत नाही, रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपुढे ते पापडासारखं मोडतं, सागरगोट्याची वई (काटेरी झुडपांचं जिवंत कुंपण) हा आजीच्या काळातला प्रकार झाला, आणि ‘स्वतः करा, स्वतः करा’ म्हणत मी गावातल्या बुरडाच्या पोटावर पाय आणते. उपाय म्हणून तुम्ही सिमेंटचे पोल, चेनलिंक जाळी आणि झटका मशीन सुचवलंय. शेवटी ‘नाहीतर सरळ करंट’ असंही लिहिलंय. त्या तीन शब्दांसाठीच हे उत्तर एवढं लांबलंय, पण त्यांच्याकडे नंतर येते.

आधी जमिनीचं. तुम्ही दर्यापूरकडचे, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी, कितीही खणा मुरूम म्हणून लागायचा नाही. मी वर्ध्याच्या सेलू तालुक्यातली. आमच्याकडे वरचा काळा थर संपला की मुरूम लागतो, कुठे गुडघाभर खोलीवर तर कुठे कमरेएवढ्या. त्यामुळे तुमचं कुंपण पडलं हे मी सरळ मान्य करते. ते बांबूमुळे पडलं, हे मात्र पटत नाही. तुमच्याच भागात रस्त्याने जाताना वावरांच्या कडेचे सिमेंटचे पोल बघा. एका रांगेतले चार पोल चार दिशांना झुकलेले दिसतील. तिथे कुठे बांबू होता?

काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मे महिन्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या आपण सगळेच बघतो. खांबाच्या भोवतीही तेच होतं. खड्डा खणला, खांब उभा केला, निघालेलीच माती परत लोटली आणि पायाने दाबली, की पहिल्याच उन्हाळ्यात खांबाभोवती फट पडते. मृगाचं पाणी त्या फटीत थेट बुडापर्यंत उतरतं, तिथला चिखल होतो आणि वारा जिकडे ढकलेल तिकडे खांब कलतो. पुढे माती फुगली की त्याला त्याच तिरप्या अवस्थेत आवळून धरते. काही जण यावर उपाय म्हणून तोंडाशी सिमेंट-गिट्टीचा रुंद गोळा ओततात. त्याने आणखी बिघडतं, कारण फुगणाऱ्या मातीला खालून उचलायला आयती पकड मिळते आणि खांब गोळ्यासकट वर सरकतो.

म्हणून खड्डा तोंडाशी अरुंद आणि बुडाशी रुंद हवा. सब्बलीने (पहारीने) खाली आजूबाजूला कोरत गेलं की तो तसा होतो. खोली किमान अडीच फूट. बुडाशी दगड, आणि भरताना काढलेली काळी माती पूर्ण बाजूला ठेवून मुरूम भरायचा, तोही एकदम नाही. वीतभर थर टाकायचा, शिंपडल्यासारखं पाणी मारायचं, सब्बलीच्या बोथट टोकाने ठोकून घट्ट करायचा, मग पुढचा थर. वर खांबाभोवती मुरमाचाच थोडा उंचवटा ठेवायचा, म्हणजे पाणी बाहेर वाहून जातं. मुरूम पाणी पिऊन फुगत नाही, सगळी मेख तिथे आहे. तुमच्याकडे मुरूम नाही, पण विटांचे तुकडे आणि गिट्टी मिळतेच. ट्रॉलीभर मुरूम बाहेरून आणलात तर तो गौण खनिजात मोडतो, रॉयल्टीची पावती जवळ असू द्या. सांदवाडीच्या खांबांपायी तहसिलात चकरा नकोत.

आणि हे काम कधी करायचं? तुम्ही मे महिन्यात मोकळा वेळ असतो म्हणून तेव्हा केलंत, असं लिहिलंय. मे मध्ये काळी माती दगड असते, श्रावणात ती सब्बलीला चिकटून वर येते. दिवाळीनंतर जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण न चिकटणारी, असते तेव्हा खड्डे सुरेख निघतात. बांबूही हिवाळ्यात तोडलेलाच चांगला. तेव्हा त्यातलं पिठूळ सत्त्व कमी असतं, भुंगा त्या सत्त्वासाठीच बांबू पोखरतो. लोक अमावास्येला तोडा म्हणतात, त्याबद्दल मला आग्रह नाही. हिवाळा पाळा आणि निदान तीन वर्षांचा जून बांबू घ्या. कोवळा हिरवागार दिसतो म्हणून घेतलात तर त्याचा भुसा होणारच.

आता एक गोष्ट जरा ठणकावून सांगते. बांबू जमिनीत गाडा, असं मी लेखात लिहिलेलंच नाही. ओल्या मातीत उभा केलेला बांबू उधईचं (वाळवीचं) जेवण आहे, एक-दोन वर्षांत संपतो. खांब हिवराचे किंवा बाभळीचे घ्या, असं लिहिलंय. साल काढलेले, नुसत्या कोवळ्या पांढऱ्या लाकडाचे नाहीत, आत लाल गाभा असलेले. बुडाकडचा भाग जमिनीच्या वर वीतभर येईल इतका वरवर जाळून, त्यावर डांबर लावायचं. लाकूड कुजतं ते खाली खोल नाही, जमिनीच्या रेघेवर, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. बाभळीचे ओंडके आपल्याकडे बंडीच्या (बैलगाडीच्या) कामाआधी महिनोन्महिने नाल्याच्या डोहात बुडवून ठेवत. त्याने भुंगा कमी लागतो. ते अजूनही करता येतं. बांबूच्या ताट्या (चिरलेल्या बांबूचे विणलेले पट) या खांबांना आडव्या बांधायच्या, आणि त्यांचं बूड जमिनीपासून दोन-तीन बोटं वर ठेवायचं. तुराट्या किंवा पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) त्यात खोवायच्या, त्या दरवर्षी वावरातून निघतातच.

मग सिमेंटचे पोल वाईट का? अजिबात नाहीत. मोठ्या वावराला तेच लागतात. पण बारीक पोलमध्ये सळईवर सिमेंटचा थर पातळ असतो, आणि तुमच्या खारपाणपट्ट्यात मातीतले क्षार सळईला लवकर पकडतात. गंजलेली सळई फुगते आणि पोल उभा चिरतो. अंग घासायला आलेल्या सांडाने टेकलं तर लाकूड वाकतं, पोल तुटतो. शिवाय बाडाच्या कामात (सांदवाडीला आमच्याकडे काही जण बाड म्हणतात) खिळा ठोकायला, वेल चढवायला लाकडाचा खांब बरा पडतो.

वाऱ्याचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण तुमच्या शेजाऱ्याने कुंपणाला हिरवी शेडनेट लावली आणि ते वादळात आडवं झालं, असा उल्लेख केलाय. तो दोष जाळीच्या बांधणीचा नाही. दाट कापड पूर्ण वारा अंगावर घेतं. बांबूच्या ताटीत फटी असतात, त्यातून वारा निघून जातो. टिनाचे पत्रे लावणाऱ्यांनाही हेच सांगते.

आता कोणाला अडवायचं आहे, ते बघू. माझा लेख घरामागच्या भाजीच्या तुकड्याबद्दल होता. गावात घराच्या मागे कोण येतं? बकऱ्या, मोकाट ढोरं, कोंबड्या. यांना चार-साडेचार फुटांची ताटी पुरते, कोंबड्यांसाठी खालचा हातभर भाग दाट विणायचा. रानडुक्कर गावालगत येत असेल तर ते सहसा उडी मारत नाही, खालून मुसंडीने उकरतं. त्याच्यासाठी ताटीला लावलेल्या तारेच्या जाळीचा खालचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूने जमिनीवर आडवा टाकून त्यावर दगड आणि माती चढवायची. डुक्कर कुंपणाच्या कडेला येऊन उकरतं, तिथे त्याला जाळीच लागते. रोह्याची गोष्ट वेगळी. खांद्यापाशीच चार-पाच फूट भरणारं जनावर, पाच फुटांचं कुंपण सहज ओलांडतं. त्याला अडवायला तुमची चेनलिंकसुद्धा चांगली उंच हवी, नाहीतर पैसे वाया. वावराभोवती जुन्या साड्या बांधतात, त्याने रोही काही दिवस बिचकतो, मग सवय होते. वानरांना तर कोणतंच कुंपण नाही. वर जाळीचं छत करा, किंवा कडेला मिरची, हळद, आलं लावा, ती त्यांना फारशी आवडत नाहीत. वांगी-टमाटर आत मधोमध.

सागरगोट्याच्या वईला तुम्ही आजीच्या काळात ढकललंत. तिची जरा मोठी कूळकथा सांगते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने चोरटं मीठ अडवायला उत्तर आणि मध्य हिंदुस्थानात शेकडो मैलांचं कुंपण उभं केलं होतं. आधी ते वाळलेल्या काट्यांचं होतं. उधई खायची, वणव्यात जळायचं, वादळात उडायचं, आणि दरवर्षी गाड्यांच्या गाड्या काटे आणून ते नव्याने रचावं लागायचं. त्या खात्याचे आयुक्त ॲलन ह्यूम, पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम, यांनी या खर्चाला कंटाळून जिवंत वई वाढवण्यावर जोर दिला. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशी आपल्याच ओळखीची झाडं. कुठे कुठे ती दहा फुटांवर गेली. ही वई बुऱ्हाणपूरपर्यंत यायची, म्हणजे आपल्या मेळघाटाच्या पलीकडच्या अंगाला. 1879 मध्ये ती नाकेबंदीच बंद झाली. मिठावरचा तो कर जुलमी होता, कुंपण मात्र चालत होतं.

माझी सगळी मांडणी यावरच उभी आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत नेमकी तीच सुटली. बांबूच्या कुंपणाला दहा वर्षं टिकायचं नाही. आत लावलेली वई दाट होईपर्यंत, म्हणजे साधारण तीन वर्षं, बकऱ्यांपासून तिला वाचवायचं, एवढंच त्याचं काम. सागरगोट्याचं बी फार टणक असतं. दगडावर एका बाजूने घासून रात्रभर पाण्यात ठेवलं नाही तर उगवायला मनमानी करतं. पावसाच्या तोंडाशी दोन ओळींत, एकमेकांच्या मधल्या जागेत, दीड-दीड फुटांवर लावा. पहिल्या वर्षानंतर शेंडे छाटत राहा, म्हणजे खालून फुटतं. छाटलं नाही तर वर पसरतं आणि खालून कोंबडीच काय, कुत्रंही आरपार जातं. करवंदही चालेल, मेंदीही. बेशरम मात्र मी सुचवत नाही. ती बकऱ्या सहसा खात नाहीत हे खरं, पण ती विषारी आहे आणि नाल्यात घुसली की निघता निघत नाही.

बुरडाच्या पोटाचं. ताट्या मी स्वतः विणत नाही आणि तुम्हीही विणू नका. बांबू सरळ चिरणं हे हाताचं कसब आहे, माझ्या हातून त्याची धार वाकडी जाते. ताट्या बुरडाकडूनच घ्या, नोंदणी असलेल्या बुरडांना वनविभागाकडून सवलतीत बांबू मिळतो, त्यामुळे तुमच्या मागचा परवान्याचा प्रश्नही सुटतो. ‘स्वतः करा’ म्हणजे खड्डे, खांब, बांधणी. ज्याला ते जमणार नाही त्याने मजूर लावावा, पण उभं राहून मुरमाचे थर ठोकून घ्यावेत. ते काम घाईत सगळ्यात आधी वगळलं जातं.

फॉरेस्टवाल्यांची भीती तुम्ही लिहिलीत तिचंही एवढंच : स्वतःच्या वावरातला बांबू 2017 च्या दुरुस्तीनंतर वन कायद्यात ‘झाड’ राहिलेला नाही. धुऱ्यावरचं (बांधावरचं) सागवान मात्र स्वतःचं असलं तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून हिवर-बाभूळ.

आता करंट. झटका मशीन आणि लाइनवरून घेतलेला करंट या दोन गोष्टी एका वाक्यात ‘नाहीतर’ने जोडू नका, भाऊ. झटका मशीन साधारण सेकंदाला एकदा, क्षणाच्याही अंशापुरता झटका देतं. जनावर दचकतं, सुटतं. वावराला ते जरूर लावा. उन्हाळ्यात काळी माती सुकली की त्याचं अर्थिंग मरतं, म्हणून एकापेक्षा जास्त सळ्या खोल ठोका आणि तिथे पाणी टाका. गवत तारेला लागू देऊ नका, नाहीतर झटका गवतातच मुरतो. जंगलालगतच्या गावांसाठी सौर कुंपणाला डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान आहे.

लाइनचा करंट धरलेल्याला सोडत नाही. ब्रह्मपुरीकडे पकडून आमच्या बोरच्या जंगलात सोडलेली वाघीण आठवते? तिने माणसं मारली होती, कोर्टाने तिला ठार करण्याची मुभाही दिली होती, माणसं तिला शोधत होती. शेवटी 2017 च्या ऑक्टोबरात आमच्याच वर्धा जिल्ह्यात एका वावराच्या कुंपणातल्या विजेने ती मेली. जी तार पट्टेदार वाघिणीला सुटू देत नाही, ती पहाटे पाण्याची पाळी द्यायला निघालेल्या माणसाला सुटू देईल? वीजचोरी, वन्यजीव कायदा आणि माणूस गेला तर मनुष्यवध, एवढी सगळी कलमं एका तारेवर येतात. रात्रीचा करंट सकाळी काढायला विसरलेल्या घरांतल्या बातम्या आपण दोघंही वाचतो. तुमच्या प्रतिक्रियेतली ती ओळ मी काढून टाकली आहे, बाकी सगळी प्रतिक्रिया जशीच्या तशी त्या लेखाखाली आहे.

तुम्ही फाटकाचं विचारलं होतं. फाटकाचे दोन खांब बाकीच्यांपेक्षा जाड आणि फूटभर जास्त खोल घ्या, आणि फाटक लटकवण्याआधी एक पावसाळा तसेच जाऊ द्या. तोवर ताटीच दोरीने बांधून ठेवा. कोपऱ्याच्या खांबांना आतल्या बाजूने तिरपा टेकू द्या, ताण तिथेच येतो. आणि तुमच्या खारपाणात विटांचे तुकडे भरून खांब उभे केलेत तर पुढच्या मृगानंतर ते कसे आहेत, हे इथेच लिहा. मुरूम नसलेल्या गावांतून बरेच जण हाच प्रश्न विचारतात.